कासवाचे रक्त आणि रोगाचा अर्थ

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून दोघातिघा श्रोत्यांनी आम्हांला दारातच गाठले आणि विचारले, "कासवाच्या रक्तात तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?" प्रश्न रास्त आहे. वसंत ऋतूतल्या या संध्याकाळी राज्यकारण, वाङ्मय, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय सोडून आम्ही तळ्याकाठच्या चिखलात उतरावे, याचे नवल वाटणे साहजिक आहे. परंतु इतिहासाची एक खोड अशी आहे की, मोठ्या प्रश्नांची उत्तरे तो पुष्कळदा लहान जागी ठेवून देतो. हिवताप कसा येतो, निद्रारोग कसा पसरतो, आणि मुळात 'रोग' म्हणजे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांचा काही भाग गेल्या दीडशे वर्षांत कासवाच्या रक्ताच्या थेंबात सापडलेला आहे. तो कसा सापडला, एवढीच गोष्ट आज आम्हांला सांगावयाची आहे.

कासव आपल्याला परके नाही. देवळाच्या सभामंडपात पाऊल टाकले की देवासमोर दगडी कासव असतेच. त्याला नमस्कार केल्याखेरीज आपण पुढे जात नाही. विष्णूचा दुसरा अवतार कूर्माचा. इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला गीतेने उपमा दिली ती कासवाची, आणि कासवी नुसत्या दृष्टीने आपली पिले पोसते ही कल्पना संतांनी पुन्हापुन्हा आळविली. आमच्या लहानपणी गावातल्या विहिरीत कासव मुद्दाम सोडलेले असे. ते पाणी स्वच्छ राखते अशी म्हाताऱ्यामाणसांची श्रद्धा. एखाद्या दिवशी ते पोहऱ्यात येई. आम्ही पोरे त्याला काठावर उलटे करीत असू आणि मग त्याच्या मागल्या पायाच्या सांध्यात, शेपटीच्या बुडाशी चिकटलेल्या काळपट जळवा दिसत. आजी म्हणे, "ठेव रे त्याला खाली, त्याचे ते बघून घेईल." त्या जळवा कासवाचे रक्त पितात एवढे आम्हांला कळत होते. त्या रक्त नेतात तसेच काही देऊनही जातात, हे मात्र आम्हांलाच काय, शे-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या पंडितांनाही ठाऊक नव्हते.

आता प्रथम हे रक्त कसे असते ते पाहू. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, चपट्या आणि केंद्रक नसलेल्या असतात; त्यांचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. कासवाची तांबडी पेशी लांबट, अंड्याच्या आकाराची. लांबी सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे आपल्या पेशीच्या अडीच पटींच्या घरात. आणि तिच्या मध्यभागी केंद्रक ठळकपणे बसलेले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या पेशीचे आयुष्य सहाशे ते आठशे दिवसांचे भरले. ज्याचा संसारच सावकाश चालतो, त्याचे रक्तही सावकाशच जुने होते. ज्या परोपजीवी जिवाला पेशीत बिऱ्हाड करावयाचे असेल, त्याला यापेक्षा ऐसपैस आणि टिकाऊ घर कोठे मिळणार?

असे बिऱ्हाडकरू प्राण्यांच्या रक्तात असतात ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हळूहळू उघडकीस आली. १८४३ साली पॅरिसमध्ये ग्रूबी या वैद्याला बेडकाच्या रक्तात पीळ घेत धावणारा एक सूक्ष्म जीव दिसला. गिरमिट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्याला 'ट्रिपॅनोसोमा' असे नाव दिले. १८७१ साली इंग्लंडमध्ये रे लँकेस्टर याला बेडकाच्याच तांबड्या पेशींशी संबंध असलेला दुसरा एक जीव आढळला. या शोधांचे स्वागत विद्वानांनी कौतुकाने केले, आणि ते कपाटात ठेवून दिले. बेडकाच्या रक्तात कोणी राहत असेल तर राहो. माणसाच्या सुखदुःखाशी त्याचा काय संबंध, अशी तेव्हाची समजूत होती.

हा संबंध पहिल्यांदा ऐरणीवर आला तो हिंदुस्थानातच. १८७८ साली कलकत्त्यात टिमोथी लुइस यांना उंदरांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा दिसले. उंदीर धडधाकट होते. खात होते, पळत होते. पुढे दोनच वर्षांनी, १८८० साली, डेरा इस्माइल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याकडे 'सर्रा' नावाच्या रोगाने खंगत चाललेले लष्कराचे घोडे आले. त्यांच्या रक्तात त्यांना तसलेच जीव वळवळताना दिसले. रोगी घोड्याचे रक्त निरोगी जनावरांना टोचून त्यांनी रोग उत्पन्न करून दाखविला, आणि या जीवांमुळेच घोडे मरतात असे स्पष्ट लिहिले. परंतु सरकारी वैद्यकीय वर्तुळात ते मानले गेले नाही. आक्षेप साधा होता: असलेच जीव निरोगी उंदरांत आहेत, मग ते रोगाचे कारण कसे? इव्हान्स पुरी शंभर वर्षे, १८३५ ते १९३५, जगले, म्हणून आपले म्हणणे खरे ठरलेले त्यांना पाहावयास मिळाले. १९१७ साली त्यांना मेरी किंग्सली पदक मिळाले. दरम्यान सर्ऱ्याने किती घोडे आणि उंट गेले असतील, त्याचा हिशेब कोण देणार?

श्रोत्यांनी हा वाद ध्यानात ठेवावा, कारण आजच्या व्याख्यानाचा कणा तोच आहे. रक्तात परोपजीवी सापडला म्हणजे प्राणी रोगी झाला, असे म्हणावे काय? आणि एक प्राणी निरोगी दिसला म्हणून तो जीव सर्वांनाच निरुपद्रवी, असे म्हणावे काय? या दोन टोकांच्या मधली वाट दाखविण्यास रक्ताचा तुलनात्मक अभ्यास लागत होता. तो हाती घेणारा मनुष्य युक्रेनमधल्या खारकोव्ह शहरात बसला होता.

वासिली दानिलेव्स्की (१८५२ ते १९३९) हे तेथल्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक. त्याच सुमारास, १८८० च्या नोव्हेंबरात, अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टराला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात परोपजीवी दिसला होता, आणि बहुतेक विद्वान त्याच्यावर विश्वास ठेवावयास तयार नव्हते. रंगवून पाहण्याच्या आजच्या युक्त्या तेव्हा नव्हत्या. त्यामुळे पेशीत दिसणारा ठिपका हा जीव की पेशीचीच विकृती, याचा निवाडा होत नसे. दानिलेव्स्कींनी माणसाचा नाद सोडला आणि ते पक्षी, सरडे, बेडूक, कासवे यांच्याकडे वळले. युरोपातल्या तळ्यांत राहणाऱ्या पिवळ्या ठिपक्यांच्या कासवाचे ताजे रक्त काचेवर घेऊन ते पाहत बसले. तांबड्या पेशीत केंद्रकाला बाजूला सारून केळ्यासारखा वाकलेला एक जीव निजलेला दिसे. आणि थोड्या वेळाने तो पेशी फोडून बाहेर येई व अळीसारखा सरपटू लागे! जो स्वतः पेशीबाहेर पडून चालू लागतो त्याला पेशीची विकृती कोण म्हणेल? १८८५ साली त्यांनी या जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला 'हिमोग्रेगरायना स्टेपानोवी' असे नाव दिले. मोठ्या पेशी असलेल्या प्राण्याने लहान पेशी असलेल्या माणसाच्या रोगाला साक्ष दिली ती अशी. १८८९ साली त्यांचा 'रक्ताचे तुलनात्मक परोपजीविशास्त्र' या अर्थाच्या शीर्षकाचा फ्रेंच ग्रंथ बाहेर पडला. ज्ञानाची एक नवी शाखाच त्या नावाने उभी राहिली.

या शाखेला फळे कशी आली ते सर्वश्रुत आहे. १८९७ साली मॅकॅलम या तरुण संशोधकाने कावळ्यांच्या रक्तातल्या परोपजीवीचा नर-मादी संयोग प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला, आणि १८९८ साली कलकत्त्यात चिमण्यांवर प्रयोग करून त्यांनी डासाच्या लालोत्पादक पिंडापर्यंतचा त्याचा सगळा प्रवास उलगडला. माणसांचे प्राण वाचविणारे हे ज्ञान कावळ्यांनी आणि चिमण्यांनी दिले. परंतु आपले कासव मागे पडले नव्हते.

ती वर्षे आपल्याकडे प्लेगची. मुंबई आणि पुणे शहरे ओस पडत होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने १८९७ साली मुंबईस पाठविलेला पॉल-लुई सिमों हा डॉक्टर झोपड्याझोपड्यांतून मेलेले उंदीर तपासत हिंडत होता. उंदराची पिसू प्लेग आणते हे त्याने १८९८ च्या जूनमध्ये कराचीस प्रयोगाने दाखविले. त्याचेही म्हणणे लोकांनी कित्येक वर्षे उडवून लावले. परंतु याच सिमोंने हिंदुस्थानातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे रक्तही तपासले होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९०१ साली त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. घडियालाच्या रक्तात सापडलेल्या एका परोपजीवीला त्याने आग्र्याच्या हँकिन यांचे नाव दिले. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात हे दाखविणारे हँकिन ते हेच. 'चित्रा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मऊ पाठीच्या थोरल्या कासवाच्या तांबड्या पेशींत सिमोंला दुसरा एक परोपजीवी मिळाला. तो हिवतापाच्या परोपजीवीचा चुलतभाऊ शोभावा असा. पेशीतले रक्तद्रव्य खाऊन तसेच काळपट कण मागे ठेवणारा. त्याला त्याने पाश्चर संस्थेतल्या मेच्निकोव्ह यांचे नाव दिले. हे चित्रा कासव गंगेप्रमाणे आपल्या गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांतही आढळते. प्लेगच्या त्या हाहाकारात एक मनुष्य उंदीर तपासतो आणि उरलेल्या वेळात कासवाच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरतो, हे चित्र आम्हांला मोठे हृद्य वाटते.

आता प्रश्न उरला तो वाहकाचा. कासव पाण्यात, त्याच्या पाठीवर ढाल. तेथे डासाची सोंड काय करणार? संशय जळवेवर येणे क्रमप्राप्त होते, आणि तो १९०३ च्या सुमारास बोलूनही दाखविण्यात आला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. तो गोळा करण्याच्या कामात एका स्त्रीचा वाटा मोठा आहे.

म्युरिएल रॉबर्टसन हिचा जन्म १८८३ साली ग्लासगो येथे झाला. चोविशी-पंचविशीत ती सिलोनला आली. तेथे कॅस्टेलानी आणि विली या दोघांनी १९०४ साली प्राण्यांच्या रक्तातल्या परोपजीवींची पाहणी केलेली होती आणि तळ्यातल्या एका काळ्या कासवाच्या रक्तात हिमोग्रेगरायना नोंदविला होता. रॉबर्टसनने पुढचा प्रश्न विचारला: हे जीव कासवाबाहेर कोठे वाढतात? तिने कासवांवरच्या जळवा जमविल्या, त्यांची पोटे चिरली, आणि रोजच्या रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदी केल्या. १९०९ साली तिने मऊ पाठीच्या कासवातल्या ट्रिपॅनोसोमाचे जीवनचक्र प्रसिद्ध केले, आणि १९१० साली काळ्या कासवातल्या हिमोग्रेगरायनाचे. हे मऊ पाठीचे कासव म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या तळ्यांत आणि विहिरींत दिसते त्याच्याच कुळातले. आमच्या पोहऱ्यात येई तसेच!

त्याच १९१० साली जर्मन संशोधक एडुआर्ड रायखेनो याने दानिलेव्स्कींच्या मूळ परोपजीवीचे संपूर्ण चरित्र लिहिले. ते थोडक्यात असे आहे. जळू कासवाला चावते, तेव्हा तिच्या सोंडेतून बीजरूप जीव कासवात शिरतात. अस्थींच्या मगजात ते दुणावतात, तिणावतात. मग तांबड्या पेशींत शिरून स्वस्थ पडतात. कासवाच्या अंगात त्यांना आणखी पुढची अवस्था नाही. दुसरी जळू रक्त पिते तेव्हा ते तिच्या आतड्यात जागे होतात. तेथे नर-मादीचा संयोग होतो. त्यातून आठ-आठ बीजे तयार होतात, आणि ती सोंडेकडे जाऊन पुढल्या कासवाची वाट पाहतात. म्हणजे कासव हे या जिवाचे बिऱ्हाड, आणि जळू हे त्याचे लग्नघर! सुश्रुताने जळवांचे बारा प्रकार सांगितले, त्यांत सहा विषारी व सहा निर्विष असा भेद केला. त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता. परंतु सगळ्याच जळवा सारख्या नव्हेत, एवढे त्याच्या नजरेने टिपले होते.

कासव आणि जळू यांच्या पाठशाळेतून रॉबर्टसन युगांडात गेली. १९११ पासून काही वर्षे तेथे राहून तिने माणसाला निद्रारोग देणाऱ्या ट्रिपॅनोसोमाचा त्सेत्से माशीतला प्रवास, आतड्यापासून लालोत्पादक पिंडांपर्यंत, टप्प्याटप्प्याने मांडला. सिलोनच्या जळवांनी तिचा हात आणि डोळा तयार केला होता. १९४७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने तिला सभासद करून घेतले. त्या संस्थेचे दार स्त्रियांना उघडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. १९७३ साली ती वारली.

या परंपरेचा एक धागा गोमंतकातही पोचतो. बाणावलीस जन्मलेले डॉ. फ्रोइलानो डी मेलो (१८८७ ते १९५५) हे पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख. क्षय, कुष्ठ, हिवताप यांच्याशी झुंजत असतानाच ते पशुपक्ष्यांच्या अंगातले एकपेशीय परोपजीवी शोधून त्यांची वर्णने लिहीत राहिले. आपल्या मातीतल्या माणसाने आपल्याच प्रदेशातल्या प्राण्यांच्या रक्ताची अशी नोंद ठेवली, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हवा.

पुढची प्रगती झपाट्याने सांगतो. अमेरिकेतल्या कासवांत सिमोंच्या परोपजीवीच्या नावाने ओळखला जाणारा जीव मिळाला, आणि १९७३ साली त्याचा वाहक एक रक्तपिपासू माशी आहे असे सिद्ध झाले. म्हणजे सगळेच ओझे जळवेच्या माथी मारणेही बरोबर नव्हते. १९७६ साली कॅनडातल्या चावऱ्या कासवाच्या रक्तातल्या एका हिमोग्रेगरायनाचे वर्णन झाले, आणि त्याचा जळवेतला प्रवासही तपशिलाने अभ्यासला गेला. २०१४ साली आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून असे दिसले की, युरोप आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशांतल्या निरनिराळ्या पाणकासवांत राहणारा हिमोग्रेगरायना मुळात एकच आहे. दानिलेव्स्कींनी खारकोव्हला पाहिला तोच. परोपजीवीला कासवांच्या जातीचे सोवळे नसते.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. हे जीव रक्तात बाळगणारे कासव रोगी की निरोगी?

रानातल्या कासवांचे रक्त तपासणारे लोक आज हेच पाहतात, आणि ते काम वाटते तितके सोपे नाही. रक्त घ्यावयाचे ते बेताचे, शरीराच्या वजनाच्या शंभराव्या हिश्शाहून कमी. मानेच्या वर कवचाखालून सुई घातली तर रक्ताबरोबर लसिकाही येते आणि पेशींची गणती फसते. माणसाचे रक्त गोठू नये म्हणून जे द्रव्य आपण सर्रास वापरतो, ते काही कासवांच्या पेशी फोडून टाकते; म्हणून तेथे हेपॅरिन वापरतात. आणि गंमत अशी की, माणसाच्या पेशी क्षणात मोजणारी यंत्रे येथे गोंधळतात, कारण कासवाच्या तांबड्या पेशीतही केंद्रक आहे. काच पसरावी, रंगवावी, आणि डोळ्यांनी एकेक पेशी मोजावी, ही दानिलेव्स्कींच्या काळची रीतच येथे अजून कामास येते. मोजणी झाली तरी निवाडा लगेच होत नाही. उन्हाळ्यातले रक्त वेगळे, हिवाळ्यातले वेगळे. नराचे वेगळे, मादीचे वेगळे. नुकत्याच पकडलेल्या घाबरलेल्या कासवाच्या पांढऱ्या पेशींचे प्रमाण आणखी वेगळे.

इतके सांभाळून पाहिल्यावर जे पुन्हापुन्हा दिसते ते हे: रानातल्या पुष्कळ कासवांच्या रक्तात हिमोग्रेगरायना असतो, बहुधा शंभरात एखाद्या पेशीत किंवा त्याहूनही कमी, आणि कासव खाते, पोहते, ऊन खाते, अंडी घालते. लक्षावधी वर्षांच्या सहवासात दोघांनी एकमेकांशी जुळवून घेतलेले दिसते. भाडेकरू घर पाडीत नाही, कारण घर पडले तर तोही रस्त्यावर येतो.

पण म्हणून लुइसच्या उंदरांवर विसंबून इव्हान्सचे घोडे मरू द्यावयाचे नाहीत. एकाच्या घरी मुकाट्याने राहणारा पाहुणा दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कसा वागेल, याची हमी नसते. आणि ही काही कल्पनेतली भीती नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या मऊ पाठीच्या कासवाला संरक्षण दिले आहे. तरीही कासवे चोरून पकडली जातात, पोत्यांत कोंबली जातात, शेकडो कोस नेली जातात. मांसासाठी नेलेले, हौसेने पाळण्यासाठी परदेशातून आणलेले, निरनिराळ्या नद्यांतले असे प्राणी एका टाक्यात जळवांसकट दाटीने राहतात. पुढे ते पकडले गेले, की कोणी भला माणूस दयेपोटी त्यांना जवळच्या नदीत सोडून देतो. हेतू पुण्याचा, परंतु भुकेने आणि भीतीने ज्याचे रक्त आधीच पातळ झाले आहे, अशा प्राण्याबरोबर आपण त्या नदीत आणखी काय सोडले, हे पाहिल्यावाचून केलेले पुण्य अंगाशी येऊ शकते. सोडण्यापूर्वी त्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेणे, त्याच्या अंगावरच्या जळवा काढणे आणि तो कोणत्या पाण्याचा याचा तपास करणे, ही आजच्या काळातली कूर्मपूजा होय.

दीडशे वर्षांच्या या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो. आरोग्य म्हणजे रक्तात कोणीच नसणे, असे नव्हे. ज्याला जेवढी जागा तेवढ्यात त्याने राहणे, हे आरोग्य. ही जागा ठरते अन्नाने, उन्हाने, स्वच्छ पाण्याने आणि वेळेने. ती बिघडली की कालचा पाहुणा आज मारेकरी होतो, आणि मग आपण दोष पाहुण्याला देतो. इव्हान्सला न ऐकणाऱ्यांची चूक आणि परोपजीवी दिसताच प्राण्याला रोगी ठरविणाऱ्यांची चूक, या दोन्ही एकाच जातीच्या आहेत. दोघेही काचेवरच्या ठिपक्याकडे पाहतात. प्राणी ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याकडे कोणीच पाहत नाही.

आजी म्हणत असे, "त्याचे ते बघून घेईल." तिचे म्हणणे खरेच होते, परंतु तेव्हा विहिरीला पाणी होते आणि ते पाणी निर्मळ होते. उद्या देवळात जाल तेव्हा सभामंडपातल्या त्या दगडी कासवाला नमस्कार कराच. मात्र परत येताना वाटेतल्या तळ्याच्या काठी क्षणभर थांबून पाण्याकडेही एकवार पाहा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.